चहातली गुळवेल

(बेलापूर. जया पुण्याच्या दवाखान्यात तपासणी करून आत्ताच परतली आहे. सासू दगडाबाईंनी पुढं चहा ठेवला आहे.)

दगडाबाई : पी की गं. निवतोय.

जया : आधी सांगा, ह्यात काय घातलंय?

दगडाबाई : चहात काय घालत्यात? पत्ती, साखर, गवती चहा.

जया : कडू लागतोय.

दगडाबाई : गोळ्या खाऊन तुझ्या तोंडाची चव गेलीय.

जया : आत्या, नसांची सूज परत वाढलीय. डॉक्टरांनी विचारलं, प्रतिकारशक्ती वाढवायचं काही घेता का? मी छातीठोकपणे नाही म्हणाले. आणि परसात बघते तर गुळवेल अर्धी गायब.

दगडाबाई : शेळीनं खाल्ली आसंल.

जया : शेळी विळ्यानं कापते?

दगडाबाई : ...बरं, मी घातली. पोळ्यापासनं. त्यो डॉक्टरच येडा हाय. करोनात सारं गाव ताकद वाढवत हुतं, अन् ह्यो आजारी मानसाला ताकद कमी करायच्या गोळ्या देतो!

जया : माझी ताकद कमी नाही, पिसाळलीय. राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावतोय, माझ्याच नसांना. मी त्याला बांधायला गोळ्या खाते, अन् तुम्ही त्याला रोज मटण चारताय!

दगडाबाई : आगं बया! मंग आसं सांगायचं ना आदी. तू आजाराचं नाव सांगितलंस टाकायासू. जपानी नाव, ध्यानात कुठं ऱ्हातंय? मी गावाला कावीळ सांगितली.

जया : मानेची नस बंद झाली तर डोळे जातील म्हणाले, आत्या.

दगडाबाई : ...तुजं वाईट व्हावं म्हनून न्हाई गं घातली.

जया : माहितीय मला.

दगडाबाई : मी बी त्योच चहा पिते रोज. म्हनलं, पोरीनं एकटीनं कडू कशाला प्यावं?

जया : मग लपवलंत कशाला?

दगडाबाई : भ्याव वाटलं. तू झोपलीस का मी तुजी नाडी बघते. लागतच न्हाई. वाटतं, गेली आपली जया. तेवढ्यात तू घोरतीस.

जया : कुठला हात धरता?

दगडाबाई : माज्या बाजूचा. डावा.

जया : अहो, ती नस कधीच बंद पडलीय. त्या हाताला नाडी लागणारच नाही. हा धरा, उजवा.

दगडाबाई : ...हाय की गं! लई उड्या मारतीय.

जया : तुमच्यावर चिडलेय ना. उद्या डॉक्टरांना फोन लावते, गुळवेलीचं तुम्हीच सांगायचं.

दगडाबाई : सांगते. सोडू का आता हात?

जया : ऱ्हाऊ द्या थोडा वेळ.