सदतिसाव्या अंकातला लेख

नाही नाही, त्या गादीवर नका बसू, ती विकली गेलीय — इकडे या, या फोमच्या गठ्ठ्यावर बसा. तर मी काय सांगत होतो — हां, चौकशी. संपादकबाई, तुम्हाला वाटलं असेल, गाद्या-उशा विकणारा माणूस, आमच्या रॉक संगीताच्या न्यूजलेटरात हा कशाला जाहिरात देतोय? खरंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळी गाणी एकच वाटायची — कोणीतरी कोणावर तरी चिडलंय, एवढं कळायचं. पण एक दिवस एक दातांचे डॉक्टर आले आणि खळग्याखळग्यांचा फोम मागायला लागले, अंड्यांच्या ट्रेसारखा असतो ना, तो — तोही भिंतभर. मी म्हटलं, पलंग केवढा आहे हो तुमचा? तर म्हणाले, पलंगाला नाही, भिंतीला लावायचाय, सुट्टीच्या दिवशी ड्रम वाजवतो. म्हटलं वा, म्हणजे आठवडाभर पेशंट ओरडणार आणि सुट्टीला शेजारी. खूप हसले. त्यांनीच तुमच्या न्यूजलेटरचं सांगितलं. मग तसे आणखी चार-पाच जण आले, आणि मी दादाला म्हटलं, आपण तिथे जाहिरात देऊ या. दादा म्हणाला, आधी चौकशी कर. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, दुकान त्यांचं. म्हणजे शटर एकतीस वर्षं मीच उघडतोय, पण पाटीवर नाव त्यांचं. तक्रार नाही हं — ओघात आलं म्हणून सांगितलं.

आता चौकशी म्हणजे कशी? वाचणाऱ्यांना विचारून काय उपयोग, ते चांगलंच सांगणार. मी तीन नावांनी तुमचं न्यूजलेटर मागवायला लागलो — माझ्या, बायकोच्या आणि वडिलांच्या. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, पण दर शुक्रवारी ई-मेलवर तुमचा अंक येतो त्यांना, आणि एकदा त्यांनी पत्र लिहिलं तर तुम्ही दोन पानी उत्तर पाठवलंत — मी लिहिलं होतं, रागावू नका. मग ज्यांनी वाचायचं बंद केलं त्यांना शोधून काढलं. आणि त्या गिटारवाल्याला भेटलो — आठवतोय? त्याची जाहिरात खाली, आणि वर तुमचा लेख, की याच्या गिटारची मान वाकडी निघते. त्याच अंकात! मी विचारलं, राग नाही आला? म्हणाला, आला ना, आठवडाभर जेवलो नाही. पण तेव्हापासून मान बघितल्याशिवाय गिटार विकत नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, जाहिरात द्यायची तर इथेच.

आणि मग वाचला तुमचा सदतिसावा अंक. भिंतीला फोम लावून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, फक्त आतला घुमणारा आवाज मरतो. थांबवायचा तर जड भिंत पाहिजे, फटी बुजवल्या पाहिजेत. हेच लिहिलंत ना? मीच छापून काढला आणि दादाच्या हातात दिला — चूक माझीच. दादा म्हणाला, खोटं आहे, करून बघ. म्हणून गोडाऊनच्या कोपऱ्यात फळ्यांची एक खोली केली, चारी बाजूंना फोम, छताला फोम, दाराला फोम. रविवारी दुपारी आत जाऊन बसलो, दिवा बंद करून. काय बरं वाटलं म्हणून सांगू — एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी हाक मारत नव्हतं. आणि तेवढ्यात दादा आणि वहिनी खोली बघायला आले. त्यांना वाटलं, आत काही ऐकू येत नाही. वहिनी म्हणाली, भावजी स्वतःचं वेगळं दुकान काढायचं म्हणतात, खरं का? — माझ्या बायकोने तिला सांगितलेलं दिसतंय. आणि दादा म्हणाला, "तो कुठे जातोय? जाहिरातीचं खेळणं दिलंय त्याला, खेळू दे."

शब्द न् शब्द ऐकू आला, बाई. तुमचा लेख शंभर टक्के खरा आहे.

मग काय केलं? काही नाही. अर्धा तास तिथेच बसलो, ते गेल्याची खात्री केली, बाहेर आलो, जिना चढून वर गेलो आणि दादाला सांगितलं — खोली मस्त झालीय, काही ऐकू येत नाही. दुसरं काय सांगणार? ऐकू आलं म्हटलं असतं, तर काय ऐकू आलं तेही सांगावं लागलं असतं ना. आता दादाची खात्रीच पटलीय, की तुमचा लेख खोटा. सख्ख्या भावाने बसून बघितलंय. म्हणून त्याने अट घातलीय — सदतिसाव्या अंकातला तो लेख तुमच्या वेबसाइटवरून काढून टाकायचा, मग वर्षभर दर अंकात आमची जाहिरात. सांगायचं काम माझ्यावर टाकलं, मी सांगितलं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण म्हटलं, समोर बसवून ऐकू या. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहितीये, आठ महिने चौकशी केलीय मी तुमची. आमच्या घरात दादाला कोणी नाही म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही — वडिलांनी नाही, वहिनीने नाही, मी तर नाहीच नाही. तुम्ही 'नाही' म्हणा, मी वर जाऊन तुमच्याच शब्दांत त्याला सांगतो. तो शब्द एकदा माझ्या तोंडून दादासमोर निघू दे, मग पुढचं — पुढचं माझं मी बघेन, बायकोशी बोलणं झालंय, जागाही बघून ठेवलीय एक. हां. बोला.

काय?

नाही, ऐकू आलं. काढाल. आज संध्याकाळपर्यंत.

नका, समजावून सांगू नका. एकटीने चालवता, जाहिरातीशिवाय पुढचा अंक निघत नाही — मी दुकानदार आहे, मला कळतं. तुमचं काही चुकलं नाही. उलट दादा खूश होईल. म्हणेल, बघ, मी सांगितलं नव्हतं?

जाहिरातीचा मजकूर तो सांगेल तसा पाठवतो. या आता.