स्टेपनीला धरलेला हात

जबाब
दि. १७ फेब्रुवारी १९९८, कोल्हापूर

सौ. तानाबाई जोतीराम बनसोडे, वय ५६ वर्षे, धंदा घरकाम, रा. राजेंद्रनगर, कोल्हापूर. पतीचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते हवालदारांनी रेशनकार्ड पाहून लिहिले आहे.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पतीसोबत राहते. माझे पती हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहेत. मुलगी संघप्रिया हिला हुपरीस दिले आहे. मागील रविवारी तिच्या बाळाचे बारसे उरकून दुपारी आम्ही दोघे स्कूटरवरून परत येत होतो. गाडी पती चालवत होते. मी मागे एका अंगाला, पाय डावीकडे सोडून बसले होते. डाव्या हाताने मागची स्टेपनी धरली होती. उजवा हात मांडीवरच्या पिशवीवर होता.

वाटेत उजवीकडे वळण आहे. तेथे गाडी उजवीकडे कलली आणि मी डावीकडे कलले. गाडी डगमगली, माझा हात सुटला. गाडी वळली आणि मी सरळ जाऊन रस्त्याकडेला उसाच्या पाल्यात पडले. माझे डावे मनगट मोडले. दुसऱ्या कोणास लागले नाही. पिशवीतले लाडू शाबूत होते. पती पळत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

दवाखान्यातून वर्दी आल्यावर पतींनी येथे येऊन जबाब दिला की, वळण आपण भरधाव घेतले, त्यामुळे पत्नी पडली, तरी आपल्यावर गुन्हा दाखल व्हावा. लायसन व किल्ली जमा करून ती परत नको असेही सांगितले. हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. तो खोटा आहे. त्या वळणाआधी एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला होता, त्यावरून वेग समजून घ्यावा.

विचारल्यावरून सांगते की, मी उलटी कलले कारण मला तेच शिकवले होते. माझे माहेर कागलजवळचे. वडिलांची बैलगाडी होती. चाक चाकोरीत गेले आणि गाडी एका बाजूला कलली की आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला सरकत होतो. स्कूटरचे उलटे असते हे पतींनी मला अनेकदा सांगितले होते. एकदा त्यांनी अंगणात सुतळीला बटाटा बांधून गरगर फिरवून दाखवला. बटाट्याला बाहेर कोणी ढकलत नाही, सुतळी त्याला आत ओढते म्हणून तो गोल फिरतो, असे ते म्हणाले. तेवढ्यात बटाटा सुटला आणि सरळ शेजारच्या आक्कांच्या वाळवणात जाऊन पडला. मी विचारले, "मग गाडीवर सुतळी कुठली?" ते म्हणाले, "तुझा हात. माझ्या कमरंला." मी भाजी करपतेय म्हणून आत गेले. भाजी करपत नव्हती.

पुन्हा विचारले की, एवढे माहीत असून पतींना का धरले नाही. रस्त्यावर माणसे असतात. सासूबाई होत्या तोवर मी त्यांच्यासमोर पतींच्या शेजारी कधी बसले नाही, त्याची सवय राहिली. गाडी घेतल्यापासून सीटवर आमच्या दोघांत एक वीत जागा मी सोडत आले. पतींनी त्याबद्दल एका शब्दाने बोलून दाखवले नाही.

तरी पतींवर गुन्हा दाखल करू नये व किल्ली त्यांना परत द्यावी. त्या दिवसापासून ते घरात काहीच समजावून सांगत नाहीत. पूर्वी दूध उतू गेले तरी का गेले ते सांगत बसायचे आणि मी म्हणायचे, आधी गॅस बंद करा. काल दूध उतू गेले. त्यांनी गुपचूप ओटा पुसला. मला ते बघवले नाही. म्हणून प्लॅस्टर ओले असताना मी येथे आले आहे.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बाकावर बसलेले माझे पती बटाट्याचा मजकूर आला तेव्हा उठून दारात आले आणि म्हणाले, "बटाट्याची कसली चूक? गाठ मी मारल्याली. गाठ ढिली आसली की बटाटा सुटणारच की. आन् कुठं जाणार, तर सरळ. त्याचं कारण आसं हाय..." पुढे त्यांनी हवालदारांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवून बराच वेळ कारण सांगितले. मी मध्ये बोलले नाही.

चूक गाठीची होती, अशी दुरुस्ती पती सुचवतात. ती मला मान्य नाही. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे. किल्ली मिळाली. डावा हात गळ्यात बांधलेला असल्याने स्टेपनी धरता येणार नाही, त्यामुळे घरापर्यंत उजव्या हाताने पतींना धरून जाईन. त्याच हाताने सही करते.

सही/-
तानाबाई जोतीराम बनसोडे