आजोबांनी मला घरी सोडलं

…आणि वर सगळे मलाच म्हणतात, "उन्नती, तुझं लक्ष कुठं होतं?" अहो, लक्ष! तुम्हाला सांगते, आई हळदीला गेली, जाताना म्हणाली, "दोन तास आजोबांना बघ," आणि मी बघतच होते की! पण आजोबा पंधराव्यांदा विचारतात, "भाताला पानी सोरलं का?" आता दापोड्यात आमचं भात आहे कुठं? तिथं केव्हाच गोदाम झालंय! शाळेत एक डॉक्टरबाई सांगून गेल्या होत्या, हा डिमेन्शिया, मेंदूचा आजार, वाद घालू नका. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं! पण पंधराव्यांदा? ओरडले मी. "शेत गेलं, आजोबा! गोदाम आहे तिथं!"

बाथरूममधून येते तर आजोबा नाहीत. दारामागचं फावडंही नाही.

शेजारच्या गोदूबाई म्हणतात, "वय झालं की होतं असं!" अहो, होतं काय? माणूस गेलाय! धावले. फावडं म्हणजे शेतच! गोदामाच्या गेटात बघते तर आजोबा काँक्रीटवर फावडं मारतायत, आणि मागून कंटेनर रिव्हर्स येतोय! वॉचमन ओरडतोय, "चाचा, हटो! मर जाओगे!" आजोबा त्याच्यावर, "माजे भातान गारी घालतंस?" आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसतच नाही!

मी कंटेनरवर हात आपटले, किंचाळले… थांबला. आजोबांपासून दोन हातांवर! आता खरं सांगू? पुन्हा गोदाम म्हणू? नाही हो. म्हटलं, "आजोबा, पाणी मी सोडून आले. बघा, भात कसं डुलतंय!"

आजोबांनी काँक्रीटकडे पाहिलं. हसले. "बरा आलाय." मग माझ्याकडे वळून, "कोनाची गो पोर तू?"

…

राग आला मला. त्यांचा नाही, कुणाचा ते कळेना. आणि मग त्या रागाचीच लाज वाटली. पण वय झालं की होतं असं, नाही का? म्हटलं, "इथलीच."

"वाट चुकलीस? चल, सोरतो." आणि माझा हात घट्ट धरून, ट्रकांच्या मधून, बरोब्बर आमच्या दारात आणलं! माझं नाव गेलं, वाट नाही गेली!

दारात आई, हळदीची साडी, डोळे लाल. तिनं तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणतात, "सूनबाय, पोर वाट चुकली व्हती, आदी हिला जेवाया वार." आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे… आणि वाढलं की हो! माझ्या पंधरा वर्षांत पहिल्यांदा पहिलं ताट आजोबांच्या आधी मला! गरम भाकरी! खाल्ली, रडत रडत खाल्ली.

हात धुतले, तर आजोबा चपला घालून दारात उभे. "चल गो पोरी, तुजे घरी सोरतो. आयबाप वाट बगत असतील."

आता काय करणार? वय झालं की होतं असं… घातल्या मीही चपला!