गाळणं आणि बारावी तुळस

कृष्णाबाई : म्हणजे मुंबईहून आलेलं तिसरं गाळणंही बसलं नाही म्हणा की.

दत्तात्रेय : बसलं, अगदी छान बसलं. मोटार चालत नाही, एवढंच.

कृष्णाबाई : मग उद्याचं ठरल्याप्रमाणे. कार्ले खिंड चढली, तर धरमतर, पनवेल, जिकडे न्याल तिकडे मी मुकाट येईन. नाही चढली, तर हे चाकांवरचं घर उलट चौलला न्यायचं, माझ्या भावाच्या वाडीत उभं करायचं, चाकं काढायची आणि खाली चौथरा बांधायचा. शब्द दिलाय तुम्ही.

दत्तात्रेय : दिलाय. एकतीस वर्षं पोस्टात काढली मी. हातात आलेलं पोचवतो.

अंबाजी : ओ पोस्टमास्तर! कालपास्नं तुमचं घर माज्या घराच्या शेजारी उबं हाय, म्हनून इचारतो. हे असं खोकतंय कनाला?

दत्तात्रेय : या, नाखवा. दम लागतो हो हिला. इंजिन हवा ओढतं, हवेबरोबर धूळ ओढतं. धूळ अडवायला तोंडाशी नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा होता, तो खाऱ्या वाऱ्यानं कुजला. मुंबईच्या दुकानाला लिहिलं, नवं गाळणं पाठवा. कुठलं हवं ते त्यांनाही कळेना, म्हणून तीन नमुने पाठवले.

अंबाजी : मंग तिन्ही वायट?

दत्तात्रेय : हे तारेच्या जाळीचं. हवा भरपूर येते, धूळही भरपूर येते. हा जाड नमदा. धूळ थांबते आणि मोटारही थांबते. आणि हे मलमलीचं, हातरुमालाएवढं. दोन मैल उत्तम, मग जे लिंपून जातं ते भिंतीसारखं.

अंबाजी : तिन्ही एकदम लावा.

दत्तात्रेय : लावली की! मी काय इतका हा आहे? सगळ्यात पुढे मलमल, म्हणजे धूळ दारातच अडेल. मागे नमदा, त्याच्या मागे जाळी. मोटारीनं दोन आचके दिले आणि गप्प.

कृष्णाबाई : हसताय काय नाखवा?

अंबाजी : हसू नको तं काय करू, बाय? मास्तरांनी डोल उलटी लावली! थांबा. ही बगा, माज्या मांडीवर हाय ती. ही डोल, आमचं खुंटाला बांदायचं जाळं. हितं तोंडाशी डोळा केवडा हाय? घाला हात.

दत्तात्रेय : मनगटापर्यंत गेला.

अंबाजी : हितं मदी?

दत्तात्रेय : तीन बोटं.

अंबाजी : आनि हितं शेपटाला बोट तं सोडाच, बारीक जवला पन सुटत न्हाय. आता हे शेपटाचं जाळं मी तोंडाला लावलं तं?

कृष्णाबाई : पाणी आत शिरणारच नाही. पाला, कचरा सगळा तोंडालाच चिकटेल.

अंबाजी : बायला कळलं. मास्तर, तुमाला पेन्शन कशी दिली सरकारनं?

दत्तात्रेय : ठीक आहे, ठीक आहे. जाळी पुढे, मग नमदा, शेवटी मलमल.

अंबाजी : आनि मलमल अशी बरणीला फडकं बांदल्यागत ताणायची न्हाय. पिशवी करा, हातभर लांब. शेपूट लांब आसलं की थोडं भरलं तरी बाकीचं मोकळं ऱ्हातं. आखूड शेपटाची डोल कोनी बगितली हाय काय?

दत्तात्रेय : रॉकेलचा रिकामा डबा आहे आपल्याकडे. एका तोंडाला जाळी, दुसऱ्या तोंडातून इंजिनाची नळी, मधे पिशवी लोंबती. पण हा नमदा एवढा जाड...

कृष्णाबाई : नमदा काढून टाका. दम त्यानंच कोंडतो. भांडी घासायला वाळलेलं घोसाळं आहे माझ्याकडे. त्याची जाळी मोकळी असते. तेलात बुडवून निथळा, म्हणजे धूळ चिकटून बसेल.

दत्तात्रेय : अगं, तू माझ्या बाजूनं बोलते आहेस!

कृष्णाबाई : मी गाळण्याच्या बाजूनं बोलतेय. आणि ते हातरुमालाएवढं फडकं पुरायचं नाही. चक्का बांधायची माझी मलमल आहे ती शिवायला घेते. तुम्ही डबा कापा, तिकडे माडाखाली. पत्र्याचा आवाज सहन होत नाही मला.

अंबाजी : बाय, मास्तर गेले पत्रा कापाया. आता एक इचारू? तुमची शरत मी ऐकली.

कृष्णाबाई : विचारा.

अंबाजी : तुमी दुहेरी टाका घालताय. मदी दोन टाके ढिले सोडले, तं उद्या मोटार खिंडीत बसंल आनि तुमी चौलच्या वाडीत.

कृष्णाबाई : ढिला टाका घालायला हात वळत नाही हो माझा.

अंबाजी : आनि मन?

कृष्णाबाई : मनाचं काय सांगू. आमचे हे एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर गावांची नावं वाचत बसले. त्यातलं एक गाव हौसेनं जाऊन बघितलं नाही. पेन्शन झाल्यावर लॉरी घेतली, तिच्यावर स्वतः फळ्या ठोकल्या, मला चुलीला जागा काढून दिली, खिडकीला पडदा लावला. मुलासारखे हसत होते. ते आठवलं की वाटतं, चढू दे खिंड. आणि त्या कुंडीकडे बघितलं की वाटतं, नको चढायला.

अंबाजी : कुंडीत काय, तुळस?

कृष्णाबाई : बारावी. अकरा बदल्या झाल्या त्यांच्या. प्रत्येक गावी अंगणात तुळस लावली. जरा मंजिऱ्या धरायला लागल्या की आलाच हुकूम. अकरांपैकी एकीचंही खोड जाड झालेलं मी बघितलं नाही. मागे कुणी पाणी घातलं की नाही, देव जाणे. रडू यायचं हो मला, दर वेळी.

अंबाजी : मंग हिला संगं घेऊन फिरा.

कृष्णाबाई : घेतली ना. रेवदंड्याहून इथवर येताना दोनदा आडवी झाली. अर्धी माती सांडली. हलत्या घरात तुळस जगत नाही, नाखवा. द्या तो दोरा, इथं जरा जाड लागेल.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्ले खिंडीच्या चढावर चालत्या मोटारीत. पोयनाडच्या बाजाराला निघालेला अंबाजी मागच्या पायरीवर बसला आहे. त्याचा एक हात तुळशीच्या कुंडीवर आहे.)

दत्तात्रेय : आवाज ऐकतेस? खोकत नाहीये.

कृष्णाबाई : पुढे बघा. बैलगाडी आहे.

दत्तात्रेय : काल याच चढाला हिला दम लागला असता. आता शेवटचं वळण. नाखवा, मागे सगळं ठीक?

अंबाजी : मना काय व्हतंय? सगळी धूळ माज्या तोंडात. माज्या नाकाला पन एक पिशवी शिवा, बाय!

दत्तात्रेय : चढली! कृष्णे, चढली! थांब, थांबवतो. डबा उघडून बघतो आधी.

कृष्णाबाई : भाजेल हात. फडकं घ्या.

दत्तात्रेय : हे बघ. घोसाळं तांबडं लाल. पिशवी तोंडाशी गुलाबी आणि शेपूट अजून पांढरं. एक टाका सुटलेला नाही.

कृष्णाबाई : सुटणार कसा?

दत्तात्रेय : ऐक. काल मी पत्रा कापत होतो ना, तो मधेमधे थांबून कापत होतो. सगळं ऐकलं मी. अकरा तुळशींचं मला कधी बोलली नाहीस.

कृष्णाबाई : बोलून काय, बदली रद्द झाली असती?

दत्तात्रेय : नसती झाली. पण मला कळलं असतं. शर्त मी जिंकलो, पण गाडी वळवतो. चौलला जाऊ. खिंड चढून बघितली, तेवढं पुरे मला.

कृष्णाबाई : नाखवा, चढावर कुंडी कितीदा पडली?

अंबाजी : एकदा बी न्हाय.

कृष्णाबाई : तुम्ही धरून बसला होतात म्हणून.

अंबाजी : मी कशाला धरू? निगतानाच पायरीला बांदली मी. डोल खुंटाला बांदतो ती गाठ. भरतीला सुटत न्हाय, तं तुमच्या मोटारीला काय सुटनार? मी आपला हात ठेवला, मना आधार म्हनून.

कृष्णाबाई : मला शिकवाल ती गाठ? तुम्ही पोयनाडला उतराल, पुढे माझी मलाच बांधायला लागेल.

दत्तात्रेय : म्हणजे? वळवू ना गाडी?

कृष्णाबाई : वळवू नका. उतार जरा सावकाश घ्या, माती सांडते. हिचं खोड तरी मला जाड झालेलं बघायचंय.