रविवारचा ढोल

गुयाव्ह गावच्या दवाखान्यात ऑगस्टिन मास्तर डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते. शेजारच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“ते ढोलवाले मास्तर आठवतात? बँड होता त्यांचा.”

“हो तर! शाळेत माझ्या भावाला तेच शिकवायचे. कुठाय आता तो बँड?”

“पांगला. कुणी ब्रुकलिनला गेलं, कुणी टोरांटोला. तरी दर रविवारी मास्तर बारा खुर्च्या मांडतात आणि एकटेच वाजवत बसतात.”

“तुला गं काय ठाऊक?”

“माझं घर त्यांच्या घरामागेच आहे ना. मासे तळायचे सोडून ऐकत उभी राहते.”

“मग आत जात जा की!”

“नको बाई. मला बघून लाजतील, वाजवायचं थांबतील.”

नर्सनं हाक मारली, “ऑगस्टिन मास्तर!”

दोघींनी चमकून त्या पट्टीकडे पाहिलं. मास्तर उठले आणि मघाच्या आवाजाच्या दिशेनं वळले.

“नाही थांबणार, पोरी,” ते म्हणाले.