पहिल्या नंबरावर

हॅलो? सौसनखाला? मी शाहिनाज! अभिनंदन नंतर, आधी माझा प्रश्न. माझ्या वर्गातल्या राना आणि इंजी शेजारी बसून खिदळतायत, त्यांची पैज आहे की मी विचारणारच नाही… डॉक्टर झाल्याचा तुला कधी पस्तावा होतो का?

…भलतंच? त्यात भलतंच काय?

अगं, रागावू नकोस… ए पोरींनो, गप्प बसा जरा!

हो, सत्त्याण्णव टक्के. हो ना, मेडिकलला अगदी आरामात. बाबांनी दुकानातल्या मिशब्बक जिलब्यांचा अख्खा घाणा वाटून टाकला, पाकासकट! शेजारची उम्म वलीद तर जिन्यात गाठून 'डॉक्टरीणबाई, माझा गुडघा बघा' म्हणत पायच पुढे करते.

माहितेय गं, मार्क वाया जातील. सकाळपासून तेवढंच ऐकतेय. मार्क काय दूध आहेत नासायला?

मग काय व्हायचंय? तेच तर कळत नाहीये! सोमवारी समुद्रातले जीव, मंगळवारी औषधं बनवणं, काल तर हवामान खातं… हस, हस. पण ऐक ना, सायन्स कॉलेजला पहिलं वर्षभर सगळंच शिकवतात. विषय नंतर निवडायचा.

सात वाजता. आजच सातला फॉर्म बंद! फॉर्म भरून ठेवलाय, पण पहिल्या नंबरावर बाबांनी मेडिकल टाकलंय. मार्क पुरतायत म्हटल्यावर तेच मिळणार, खालचं बघतंय कोण? आणि एकदा सात वाजले की संपलं…

काय?… बावीस वर्षांत कुणीच नाही विचारलं? आजीनंसुद्धा?

मग ते तुझं शिंपल्यांचं खोकं? आजीच्या पलंगाखालचं गं… एकेका शिंपल्याला नाव लिहिलेलं. गेल्या ईदला तूच म्हणालीस ना, टाकून द्या म्हणून?

खाला… रडतेयस? वॉर्डात आहेस ना तू?

मग आईला सांग ना हे! तुझीच बहीण आहे, तुझं ऐकेल. थांब, स्पीकरवर टाकते… खाला? हॅलो? हॅलो?…

नको राना, परत नको लावूस. तिला नाही जमायचं.

बाबा! आई! जरा इकडे या… नाही, खालानं काही शिकवलेलं नाही. पहिल्या नंबरावर मी सायन्स टाकतेय. मेडिकल दुसऱ्यावर.

…हो बाबा. म्हणजे मेडिकल मिळणार नाही. माहितेय मला.