हेस्टरच्या शेजारची जागा

(हेरफर्डशरमधलं ब्रॉक्सले गाव. ऑक्टोबरातली सकाळ. दगडी घराचं स्वयंपाकघर. म्हातारा एनॉक प्रीस अंगातला कोट न काढता उभा आहे. समोर घराचे आताचे मालक, फिलिपा आणि तिचा नवरा जाइल्स, जो गावच्या चर्चचा कारभारही पाहतो.)

फिलिपा : त्या खुर्चीवर नका बसू एनॉक, ती नुसती शोभेची आहे. या इकडे, खिडकीपाशी बसा. कित्ती छान उजेड येतो बघा.

एनॉक : इथं खिडकी नव्हती. भिंत होती.

फिलिपा : आम्हीच पाडली ती. अगदी कोंदट होतं हो सगळं. तुम्ही चाळीस वर्षं कसे राहिलात इथे, कोण जाणे.

एनॉक : दिवा लावून.

जाइल्स : मिस्टर प्रीस, आपण मुद्द्यावर येऊ या. चर्चचा वॉर्डन म्हणून समितीचा निर्णय तुम्हाला समक्ष सांगावा, असं मला वाटलं. तुमच्या विनंतीवर सविस्तर चर्चा झाली. समितीतल्या प्रत्येकाला तुमच्याबद्दल अतिशय आदर आहे.

एनॉक : म्हणजे नाही म्हणाले.

जाइल्स : माझं बोलणं अजून पूर्ण झालेलं नाही.

एनॉक : आदरानं सुरुवात झाली की पुढचं कळतं, साहेब. हे घर रिकामं करा म्हणून सांगायला जमीनदाराच्या इस्टेटीचा माणूस आला होता ना, त्यालाही माझ्याबद्दल फार आदर होता. तुम्ही बसलात तिथंच बसला होता.

फिलिपा : आधी चहा घ्या बरं. दूध ओटचं आहे, चालेल ना?

एनॉक : ओट आम्ही घोड्याला घालायचो. कोराच द्या.

जाइल्स : अडचण अशी आहे की चर्चच्या आवारात थडग्यांसाठी फारच थोडी जागा उरली आहे. म्हणून यापुढे ती फक्त पॅरिशच्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या रहिवाशांना द्यायची, असं ठरलं. तुम्ही आता लेम्स्टरला राहता. ती वेगळी पॅरिश आहे.

एनॉक : राहतो कुठला. नेऊन ठेवलंय मला तिथं. दुसऱ्या मजल्यावर. खाली गाड्या धुतात.

जाइल्स : त्याबद्दल वाईट वाटतं. पण नियम कारण विचारत नाही, फक्त पत्ता विचारतो.

एनॉक : साहेब, माझी बायको आहे तिथं.

जाइल्स : मला कल्पना आहे.

एनॉक : कल्पना कसली असणार तुम्हाला. हेस्टरला पुरलं तेव्हा फेब्रुवारी होता. फावडं मारलं की खड्ड्यात पाणी. एकावर एक दोघं मावतील इतका खोल खणताच येईना. नाहीतर मेल्यावर मी त्याच खड्ड्यात तिच्यावर गेलो असतो आणि आज तुमचा चहा प्यायला आलो नसतो. आपले जुने पाद्री म्हणाले, एनॉक, काळजी करू नकोस, तिच्या शेजारची जागा तुझी. तेव्हापासून तिथलं गवत मी कापत आलो. तिचंही आणि माझंही.

जाइल्स : त्यांनी हे कुणासमोर सांगितलं होतं का?

एनॉक : तिच्यासमोर.

फिलिपा : जाइल्स, एक अपवाद नाही का करता येणार? एवढासा?

जाइल्स : एक केला की दहा उभे राहतात. या गावात जन्मलेले कितीतरी लोक हेरफर्डला गेलेत, बर्मिंगहॅमला गेलेत. बहुतेकांना शेवटी इथेच यायचं असतं. सगळ्यांना कुठे ठेवणार?

एनॉक : जिवंतपणी ठेवायचं होतं, साहेब. इथं घर घेणं काय आमच्या आवाक्यात होतं? मेल्यावर तरी जमेल म्हणून लोक थांबले होते. आता तेही तुम्ही बंद केलंत.

जाइल्स : मी नाही. समितीने.

एनॉक : समितीत आमच्यातलं कोण आहे?

जाइल्स : निवडणुकीला कुणीही उभं राहू शकतं.

एनॉक : पॅरिशमध्ये राहणारं.

जाइल्स : अर्थात.

फिलिपा : हे बघा, बिस्किट तरी घ्या. आणि एनॉक, एक सांगू का? रागावू नका हं. मला तुमचा हेवाच वाटतो. आयुष्यभर तुम्हाला ही शांतता मिळाली. आम्ही लंडनहून आलो ना, तेव्हा पहिले काही दिवस मला झोपच लागत नव्हती, इतकं शांत. आणि आता मी दुसरीकडे कुठे राहूच शकणार नाही.

एनॉक : शांतता कुठली होती, बाई? ही समोरची वास्तू, जिथं आता कुंड्या टांगल्यात, ती शाळा होती. पोरं दिवसभर बोंबलायची. दोन वेळा गाई दारावरनं जायच्या, शेण टाकत. आमची हेस्टर शेजारणीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडायची ते पार चर्चमध्ये ऐकू जायचं. पाद्री प्रार्थना थांबवायचे. शांतता तुम्ही लोक आल्यावर आली.

जाइल्स : हे अन्यायाचं आहे. शाळा आम्ही यायच्या आधीच बंद झाली होती. दुकानही. आम्ही आलो नसतो तर निम्मी घरं पडली असती.

एनॉक : शाळेचं तुमच्या माथी नाही मारत. चर्चच्या घड्याळाचे टोले मात्र तुम्हीच बंद केलेत.

जाइल्स : फक्त रात्रीचे. रीतसर ठराव झाला. लोकांची झोपमोड होत होती.

एनॉक : हेस्टर आजारी होती तेव्हा ते टोले ऐकत मी रात्र ढकलायचो. आता दोन झाले, आता तीन झाले, म्हणजे उजाडायला थोडंच राहिलं. तीही ऐकायची. बोलणं बंद झालं होतं, पण बोटानं मोजायची. वरच्या खोलीत.

फिलिपा : वरच्या? कुठल्या वरच्या?

एनॉक : वर एकच तर खोली आहे बागेकडची. तिथंच गेली ती.

फिलिपा : तिथे मी योगासनं करते. जाइल्स, तुला हे माहीत होतं?

जाइल्स : घर घेताना एजंट काहीतरी बोलला होता. जुन्या घरांत प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी गेलेलंच असतं, फिलिपा. हे बघा मिस्टर प्रीस, मला यात आनंद नाही. खरंच नाही. पण मी नियम वाकवला, तर उद्या माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचा? हक्क कुणाला आहे ते अगदी स्पष्ट आहे. जो पॅरिशमध्ये राहतो, किंवा ज्याचा मृत्यू पॅरिशच्या हद्दीत होतो. बाकी सगळे परवानगीवर अवलंबून.

एनॉक : दुसरं काय म्हणालात?

जाइल्स : परवानगीवर अवलंबून.

एनॉक : त्याच्या आधीचं.

जाइल्स : ज्याचा मृत्यू हद्दीत होतो. ते जुनं कलम आहे. पूर्वी वाटसरू असायचे, फिरते मजूर असायचे, रस्त्यातच मरायचे. त्यांना कुठेतरी पुरायला तर हवं.

एनॉक : म्हणजे एखादा परका माणूस, कुणाच्या ओळखीचा नाही, या गावात येऊन पडला आणि मेला, तर त्याला जागा.

जाइल्स : तत्त्वतः, हो.

एनॉक : तुमच्या समितीला विचारायला नको.

जाइल्स : नको. कोणती जागा ते आताच्या पाद्रीबाई ठरवतील, पण...

एनॉक : हेस्टरशेजारची मोकळीच आहे ना?

जाइल्स : आज तरी आहे. मिस्टर प्रीस, मी फक्त नियम सांगत होतो.

फिलिपा : तू कशाला सांगितलंस हे त्यांना?

जाइल्स : त्यांनी विचारलं.

फिलिपा : एनॉक, माझ्याकडे बघा. भलतंसलतं काही मनात आणायचं नाही. वचन द्या मला.

एनॉक : मी स्वतःला काही करून घेणार नाही, बाई. हेस्टरनं तोंडसुद्धा बघितलं नसतं माझं. पण डॉक्टर म्हणतो, माझ्या छातीचा भरवसा नाही. आज, उद्या, कधीही. तर ते कुठं व्हावं एवढंच बघायचं राहिलंय.

जाइल्स : हे अव्यवहार्य आहे. तुम्ही ही गल्ली पाहिलीत का आता? पुढच्या महिन्यात आम्हीही पोर्तुगालला जातोय, वसंत ऋतूपर्यंत. शेजारचं घर सुट्टीवाल्यांना देतात, ते उन्हाळ्यात येतात. पलीकडचे डॉक्टर ईस्टरला. हिवाळ्यात इथे चिटपाखरू नसतं. तुम्हाला काही झालं तर कुणाला कळणारसुद्धा नाही.

एनॉक : तुम्ही निम्मं वर्ष पोर्तुगालला.

जाइल्स : फिलिपाला थंडी सोसत नाही.

एनॉक : तरी पॅरिशचे.

जाइल्स : आमचा पत्ता इथला आहे.

एनॉक : बरोबर आहे. पत्ता इथला आहे. मी या गावाबाहेर एक रात्र काढली नव्हती कधी, लग्नाची रात्रसुद्धा याच घरात काढली. भिंत होती तेव्हा. चहा चांगला होता, बाई. निघतो.

फिलिपा : थांबा ना, मी गाडीने सोडते तुम्हाला. लेम्स्टर म्हणजे काय, आत्ता पोचू.

एनॉक : नको. बस आहे.

फिलिपा : मला फार वाईट वाटतंय हो. खरंच वाटतंय. पुन्हा या. कधीही या, अगदी मनापासून सांगते.

एनॉक : कधीही नाही जमायचं. बस गुरुवारचीच असते. सकाळी इथं सोडते, दुपारी परत नेते. पण येत जाईन. चर्चच्या आवारात भिंतीला टेकून बसत जाईन, तिच्याजवळ.

जाइल्स : या थंडीत? पावसात? कशासाठी?

एनॉक : एखाद्या गुरुवारी जमेल.